जुना होण्याआधी

कच्चा पुएर हा चिनी चहा कडू असतो, हे आधीच सांगून टाकते. कडू आणि वर तुरट. आलं-वेलची घातलेला, दुधासाखरेचा, पातेल्यात दोनतीनदा वर येऊन खाली बसलेला चहा हाच ज्यांचा चहा, त्यांना हा पहिल्या घोटात नकोसा होईल. त्यांची समजूत घालायला मी बसलेले नाही; मी स्वतः रोज सकाळी तोच दुधाचा चहा पिते आणि पीत राहीन. माझं भांडण दुसऱ्याच लोकांशी आहे. पुएरच्या नादी लागलेल्यांमध्ये एक मत फार पक्कं रुजलेलं आहे: कच्चा पुएर कोवळा असताना पिण्यात काही अर्थ नाही, तो दहा-वीस वर्षं ठेवावा, मुरू द्यावा आणि मग प्यावा. मला हे पटत नाही. माहीममध्ये राहून तर मुळीच पटत नाही. का, ते सावकाश सांगते, कारण हा चहाही सावकाशच प्यायचा असतो.

पुएर हा चीनच्या नैर्ऋत्येला असलेल्या युन्नान प्रांतातला चहा. झाडावरून खुडलेलं पान थोडं सुकवतात, मग मोठ्या कढईत हाताने परततात. हिरवा चहा करतानाही पान असंच परततात, पण तिथे आच अशी ठेवतात की पानातली विकरं (एन्झाइम) पार निकामी व्हावीत, हिरवेपणा जागच्या जागी थांबावा. पुएरवाले तितकं जात नाहीत. परतलेलं पान मळतात आणि गरम हवेच्या यंत्रात न घालता उन्हात वाळवतात. पान वाळतं, पण त्याच्यात थोडी धुगधुगी शिल्लक राहते. पुढे वर्षानुवर्षं ते बदलत राहतं ते त्यामुळेच. हा वाळवलेला चहा वजन करून वाफेवर मऊ करतात, कापडी पिशवीत भरून पिशवीला पीळ देतात आणि दगडाखाली दाबतात. पिशवीची गाठ जिथे येते तिथे वडीच्या पाठीला खळगा पडतो. गोल, चपटी, ३५७ ग्रॅमची वडी हे त्याचं जुनं माप. अशा सात वड्यांची बांबूच्या पातींत बांधलेली चळत अडीच किलोची होते. युन्नानहून तिबेटपर्यंत घोड्या-खेचरांच्या पाठीवरून हा चहा जायचा, तेव्हा सुट्या पानांचे फुगीर गोणे परवडणारे नव्हते.

याला चिनी लोक शंग म्हणतात, म्हणजे कच्चा. दुसरा एक पुएर असतो तो पिकवलेला, काळा, मातकट वासाचा. तो मला आवडत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल फार बोलणार नाही. एवढंच, की तो जुना नाही. १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात पानांचे ढीग घालून, त्यावर पाणी मारून, आच्छादून काही आठवड्यांत ते कुजवण्याची रीत बसवली गेली. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगच्या गिऱ्हाइकांना मुरलेला चहा हवा होता, आणि मुरायला लागणारा वेळ कोणाकडेच नव्हता. म्हणजे थांबायची तयारी खुद्द तिथल्या बाजारातही नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्या डब्यातल्या चहाचं आणि पुएरचं नातं वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. युन्नानचं मोठं पान आणि आसामचं पान वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकाच पोटजातीची आहेत, तिचं नावच आसामिका. रॉबर्ट ब्रूस १८२३ मध्ये वरच्या आसामात गेला तेव्हा तिथले सिंगफो लोक हा चहा आधीपासून पीत होते. ते आजही भाजलेलं पान बांबूच्या नळ्यांत ठासतात, चुलीवरच्या धुरात वाळवतात आणि वर्षंच्या वर्षं ठेवतात. पण आपण मुंबईत दुकानदाराला ‘मामरी द्या, थोडी डस्ट मिसळा’ म्हणतो, ती मामरी वेगळ्याच वाटेने आली. आसामातल्या आमगुरी मळ्यावर १९३० मध्ये पान चिरडून, फाडून, त्याच्या गोळ्या वळणारं यंत्र बनलं. सीटीसी म्हणतात ते हेच. गोळ्यांचा गुण असा की उकळत्या पाण्यात पडल्या की दोन मिनिटांत होतं नव्हतं ते सगळं सोडून मोकळ्या. रंग, कडकपणा, तरतरी, सगळं एकदम. वर दूध पडलं की दुधातलं केसिन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून टपरीवरची कटिंग इतकी कडक असूनही जीभ आखडत नाही. घाईच्या शहरासाठी याहून शहाणी योजना सुचणार नाही. तीच पोटजात, अख्खं पान, दूध नाही, आणि सगळं एकदम काढायचं नाही, असं ठरवलं की काय होतं, तेवढंच कच्च्या पुएरमध्ये बघायचं.

माझ्याकडे आलेली वडी भाच्याने शेनझेनहून आणली. तो तिथे कामाला आहे, वर्षातून एकदा येतो आणि दर वेळी ‘मावशी, काय आणू?’ विचारतो. आपल्याकडे आयात चहावर १०० टक्के शुल्क आहे, त्यामुळे इथे मागवण्यापेक्षा येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेत जागा मागणं बरं. वडी त्याच वर्षीच्या वसंतातली होती, युन्नानच्या मेंगहाय भागातली. पातळ कागदात गुंडाळलेली, कागदाच्या टोकांच्या चुण्या पाठीच्या खळग्यात खोचलेल्या. आत चहातच अर्धवट दाबलेली एक छोटी चिठ्ठी. कारखाने ती खरेपणाची खूण म्हणून घालतात, आणि नकली माल करणारेही तितक्याच मनोभावे घालतात.

वडी फोडण्यासाठी चपटी, टोकदार सुरी मिळते. ती कडेने आत सरकवायची, हलकेच उचकायची आणि थर सुटे करायचे. घणाचे घाव घालायचे नाहीत. पान मोडलं की मोडलेल्या कडांतून कडूपणा आधी बाहेर येतो. काळपट हिरवी, मधूनच चांदीसारख्या लवेची कोवळी टोकं असलेली पानं अशी सुटून आली की त्यांना सुकत पडलेल्या गवताचा वास येतो, आणि अगदी जवळ नाक नेलं तर किंचित धुराचाही. कढईखाली लाकूड जळत असतं, ते पानाला थोडं लागतंच. फार लागलेलं असेल तर तो चहा मी परत पिणार नाही, पण एवढा चालतो.

सात ग्रॅम चहाला १०० मिलिलीटर पाणी. भांडं म्हणजे गायवान: झाकण आणि बशी असलेली, कडा बाहेर वळलेली, चिनी मातीची पांढरी पेली. झाकण जरासं तिरकं करून फट ठेवायची, अंगठा आणि मधलं बोट कडेला, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, आणि एका दमात ओतायचं. बोटं भाजतात. सगळ्यांची भाजतात. पाणी काठोकाठ न भरणं हा त्यावरचा एकमेव उपाय आहे, बाकी सगळ्या युक्त्या सांगण्यापुरत्या. ओतायचं ते दुसऱ्या एका भांड्यात, गाळण्यातून, म्हणजे सगळ्यांच्या पेल्यांत सारखा चहा जातो. स्वयंपाकघरात गायवान नसेल तर झाकणाची कुठलीही लहान पेली चालेल. वजनकाटा मात्र हवा, कारण दाबलेल्या चहाचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोलू द्या, कारण यात मुंबईकरांचं नशीब बरं आहे. आपल्या नळाला येणारं पाणी तानसा, भातसा, मोडकसागर, दोन्ही वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतलं. पावसाचं साठवलेलं पाणी, जमिनीच्या पोटात चुन्याच्या दगडांतून फिरून न आलेलं, त्यामुळे हलकं. किटलीच्या तळाला इथे क्वचितच पांढरं पुटं चढतं. जड पाण्यात चहाचा वरचा, फुलासारखा वास दबतो आणि चहावर तवंग धरतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरून पाहा, तोच चहा मुका होतो. अडचण एकच, क्लोरिनची. भांडुपला पाणी शुद्ध होऊन येतं त्यात क्लोरिन असतंच, आणि दुधाच्या चहात न कळणारा तो वास इथे पहिल्या पेल्यात कळतो. रात्री उघड्या पातेल्यात पाणी भरून ठेवावं, सकाळी तेच उकळावं. पावसाळ्याच्या पहिल्या गढूळ आठवड्यात मी हा चहा करतच नाही.

कोवळ्या पुएरला किती गरम पाणी घालावं यावर दोन तट आहेत. काही जण म्हणतात, ८५ अंशांवर ठेवा, कडू उतरणार नाही. मी उकळतं पाणी घालते. कडू उतरू नये म्हणून चहाच अर्धा काढायचा, तर मग हा चहा घेतला कशाला? कडूपणाला आवर घालायचा तर वेळ कमी करावा, आच नव्हे.

रविवारी दादा आला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, राहायला परळला, आणि चहाच्या बाबतीत इतका कट्टर की लग्नाच्या मांडवातही कॉफीला हात लावत नाही. मी पानांवर उकळतं पाणी घातलं आणि लगेच सगळं ओतून टाकलं.

‘‘अगं, पहिलाच चहा मोरीत ओतलास?’’

‘‘ते धुवायचं पाणी रे. दाबलेलं पान जरा सैल होतं.’’

‘‘मग आधी सांगायचं ना, मी पेला पुढे केला होता.’’

धुणं हा शिष्टाचार आहे की गरज, यावर पुष्कळ बोललं जातं. धूळ जाते हे खरं, पण माझ्या दृष्टीने खरा फायदा नाकाचा. पाणी ओतून झाल्यावर झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा. कोरड्या पानात जे नव्हतं ते सगळं तिथे असतं: कच्च्या जर्दाळूसारखं आंबटगोड काहीतरी, पावसानंतरचं गवत, त्याच्यामागे मध. पुढे त्याच पानांवर घालायच्या दहा पाण्यांत हा वास इतका भरघोस पुन्हा मिळत नाही.

पहिलं पाणी पाच सेकंदांचं. रंग फिका, पिवळसर हिरवा. तोंडात फारसं काही घडत नाही, कारण पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतात, आतल्या थराला पाणी पोचलेलंच नसतं. दादाने पेला रिकामा केला आणि माझ्याकडे पाहिलं. कोमट पाणी पाजून तू मला फसवते आहेस, असा चेहरा. दुसऱ्या पाण्याला पेल्याचा तळ किंचित गडद झाला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्याला त्याने पेला खाली ठेवला.

तिसरं आणि चौथं पाणी ही या चहाची खरी परीक्षा. वडी आता सुटलेली असते, पानं फुगून झाकण वर ढकलायला लागतात, आणि कॅफीन व कॅटेचिन (चहातली तुरट द्रव्यं) या दोन्ही गोष्टी भरात असतात. कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर बसतो. तुरटपणाचं जरा वेगळं आहे. ती चव असल्यासारखं आपण बोलतो, पण घडतं ते स्पर्शाच्या पातळीवर: चहातली पॉलिफेनॉलं, म्हणजे हीच तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, तोंडाचा ओशटपणा जातो, आणि गालाची आतली बाजू दातांना खरखरीत लागायला लागते. आपल्या आयुर्वेदाने त्याला तरीही सहा रसांत कषाय म्हणून जागा दिली. हिरडा, सुपारी, कच्चं केळं खाऊन वाढलेल्या माणसांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पाश्चात्त्य चहाप्रेमी तुरटपणाबद्दल लिहितात तेव्हा दोष सांगितल्यासारखं लिहितात, आणि मला वाटतं आपण तरी त्यांच्या मागे जाऊ नये.

आता या चौथ्या पाण्यानंतर जे होतं त्यासाठी सगळा खटाटोप. आवळा खाऊन वर साधं पाणी प्यायलं की ते पाणी गोड लागतं, हे आपल्याकडे शाळेच्या दारात आवळे घेणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. कोवळ्या पुएरमध्ये तेच होतं, फक्त वरून पाणी प्यावं लागत नाही. घोट गिळून झालेला असतो, आपण दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतो, आणि घशाच्या मागून गोडी वर चढायला लागते. जिभेच्या दोन्ही कडांना लाळ सुटते. आधी कडू जितकं स्वच्छ आणि लवकर विरणारं, तितकी ही गोडी जास्त वेळ टिकते. कडूपणा जिभेवर नुसताच रेंगाळला तर काही येत नाही. चांगला कोवळा पुएर आणि वाईट कोवळा पुएर यांतला फरक मला विचाराल तर हा एवढाच. कडू किती आहे ते मोजू नये, ते किती लवकर सरतं आणि त्याच्या मागून काय येतं ते पाहावं. चिनी लोक या परतून येणाऱ्या गोडीला हुइगान म्हणतात आणि चहाची किंमत ठरवताना ती तपासतात.

दादाचा मेहुणा याच वेळी फोनवर आला. दादा गॅलरीत गेला आणि त्याने जाता जाता स्वतःच ओतलेलं पाचवं पाणी गायवानमध्ये तसंच राहिलं. परत येऊन त्याने ते प्यायलं आणि डोळे मिटून घेतले. पंधरा सेकंदांचं पाणी पाच मिनिटं राहिलं की कोवळा पुएर सूड घेतल्यासारखा कडू होतो. दुधाचा चहा असल्या बाबतीत फार क्षमाशील आहे. ‘‘हा तुझा किराईत संपव,’’ म्हणाला. मग दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘तोंड गोड कशानं झालं?’’

सहाव्यापासून चहा उतरणीला लागतो आणि, माझ्या मते, बोलायला लागतो. वेळ वाढवत न्यायची: अर्धा मिनिट, पाऊण, एक. कडू मागे सरतं, रंग मात्र अजून सोनेरी असतो, आणि पाण्याला एक दाटपणा येतो जो जिभेवर वजनासारखा कळतो. सातव्या-आठव्याला धूर पूर्ण गेलेला असतो. त्याच्यानंतरची पाणी सरळ गोड, पातळ, कमी बोलकी. दहाव्याला दोन मिनिटं, पुढे तीन, चार, पान देईल तोवर. अगदी शेवटी मी ती पानं थंड पाण्याच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं सरबताच्या तोडीचं पाणी मिळतं. उकळून शेवटचा थेंब काढायच्या भानगडीत पडू नये, कोवळ्या पानात लपून बसलेला कडूपणा उकळीला बाहेर येतोच.

एक चहा पिताना इतके चहा प्यायले जातात, हे दादाला शेवटपर्यंत विचित्र वाटत होतं. ‘‘नक्की कुठला चहा चांगला? तिसरा म्हणू, का आठवा?’’ हा प्रश्न मला आवडला. आपल्या कटिंगला सुरुवात आणि शेवट नसतो, पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच असायला हवा, नाहीतर टपरीवाल्याला बोल लागतो. इथे चवीला क्रम आहे. आठव्याची गोडी एकटी काढून दिली तर ती साधी वाटेल. तिसऱ्याच्या मागे ती आली म्हणून ती आठवते. आणि हो, सबंध बैठकीत कॅफीन भरपूर जातं. दादाला संध्याकाळी परळला पोचेपर्यंत छातीत धडधड होत होती, तसा त्याचा फोन आला. रिकाम्या पोटी हा चहा पिऊ नये, पोटात ढवळतं. आधी पोहे किंवा उपमा झालेला असावा, लसणीची चटणी मात्र नको. चिनी वैद्यक कोवळ्या पुएरला थंड प्रकृतीचा ठरवतं आणि नाजूक पोटाच्या माणसांना तो जपून घ्यायला सांगतं. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, चहा उष्ण असतो हे आईने लहानपणापासून सांगितलंय, आता चिन्यांचं ऐकू का?

सगळं संपल्यावर पानं बशीत पसरून बघावीत. इथे यंत्राने वळलेल्या गोळ्या नाहीत. कोंब, त्याखाली दोन-तीन पानं, जाड देठ, करवती कडा, सगळं जसंच्या तसं उलगडलेलं. देठ बोटांनी दाबला तर चिवट लागतो. पानाच्या कडा लालसर असतील तर परतण्याआधी ते जास्त वेळ पडून राहिलं होतं. काळपट डाग असतील तर कढईत करपलं. दुकानदाराने काय सांगितलं होतं आणि काय दिलं, याचा हिशोब या बशीत लागतो.

पानावरून न कळणारी गोष्ट एकच, झाडाचं वय. आणि नेमका त्याचाच बाजारात सगळ्यात मोठा गवगवा. शेकडो वर्षांच्या उंच, जंगलात विखुरलेल्या झाडांचा चहा मळ्यातल्या ओळीने लावलेल्या झुडपांच्या चहापेक्षा कितीतरी पट महाग विकतात, म्हणून प्रत्येक दुसऱ्या वडीवर प्राचीन झाड छापलेलं. ब्लांग डोंगरातलं लाओ बानझांग हे गाव तर यात इतकं प्रसिद्ध झालं की त्याच्या नावाने विकला जाणारा चहा एका गावच्या झाडांना झेपणारा नाही, हे सरळ हिशोबाने कळतं. तिथला चहा कडू, उग्र, आणि गोडी वेगाने परतवणारा. लाओसच्या सीमेजवळच्या यीवूचा त्याच्या उलट, मऊ, मधाळ, सुरुवातीपासून गोडीकडे झुकलेला. जिंगमायचा सुवासिक, फुलांकडे जाणारा. जिंगमायच्या डोंगरावर ब्लांग आणि दाय लोकांनी मोठ्या झाडांच्या सावलीत जोपासलेली चहाची जुनी जंगलं आहेत, आणि त्यांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. मला स्वतःला कडू डोंगरातलंच जास्त आवडतं, पण नवख्या माणसाने यीवूपासून सुरुवात केली तर त्याचं मन लवकर बसेल.

तर मग तो मुरवायचा का नाही?

मुरवणाऱ्यांचा युक्तिवाद खोटा नाही. वीस वर्षांचा, नीट ठेवलेला कच्चा पुएर लालसर तपकिरी होतो, त्यातली तुरट द्रव्यं बदलतात, कडूपणा निवतो, आणि लाकडाचा, कापराचा वास येतो. असा चहा मी प्यायलेला आहे आणि तो सुंदर असतो. पण तो होतो कुठे? कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर, हवा कोरडी. तिथे चहा फार हळू बदलतो आणि वर्षानुवर्षं कोवळाच वाटतो. हाँगकाँगमध्ये दमट, उबदार गोदामांत तो वेगाने पिकतो, आणि तिथले जुने व्यापारी गोदामात कधी हवा खेळवायची, वड्या कधी हलवायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले असतात. ६०-७० टक्के आर्द्रता असावी, असं सर्वसाधारणपणे सांगतात. जुलैत माहीममध्ये ८५ टक्क्यांच्या वर हवा ओली असते. कपाटातला चामड्याचा पट्टा हिरवा होतो, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, पापड मऊ पडतात. हवाबंद डब्यात घालून ठेवला तर बुरशी येणार नाही, पण मग हवाच न लागल्याने तो मुरणारही नाही. उघडा ठेवला तर शेजारच्यांची सुकी मासळी आणि आमची फोडणी, दोन्ही त्यात उतरतील, कारण चहाचं पान आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. दोन खोल्यांच्या घरात वेगळी, स्वच्छ, वासरहित जागा एका चहाला कोण देणार? इथे माणसांना मिळत नाही.

आणि हवामान बाजूला ठेवलं तरी मला त्या ठेवण्यामागची वृत्ती खटकते. २००० नंतरच्या काही वर्षांत पुएरच्या वड्या लोक पिण्याऐवजी साठवायला लागले, भाव चढत गेले, युन्नानमधल्या सिमाओ शहराचं नाव २००७ मध्ये पुएर असं बदललं, आणि त्याच वर्षी भाव कोसळले. ज्यांच्याकडे पेट्यांनी माल पडून होता ते अडकले. मेंगहाय कारखान्याच्या ७५४२ या प्रसिद्ध मिश्रणाच्या वड्यांचे भाव आजही लोक शेअरसारखे पाहतात. (तो आकडा म्हणजे १९७५ सालची कृती, चौथ्या प्रतीचं पान, आणि शेवटचा दोनचा आकडा मेंगहाय कारखान्याचा.) कोणी पैसे गुंतवावे आणि कशात, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण यातून एक चुकीची समजूत पसरली, की कोवळा चहा म्हणजे अपुरा चहा, काहीतरी होण्याच्या वाटेवर असलेला. ज्या डोंगरांत तो होतो तिथली माणसं तर तो त्याच वर्षी, ताजाच, पीत आली आहेत. जर्दाळू, धूर, गवत, तो स्वच्छ कडूपणा आणि मागून धावत येणारी गोडी, या गोष्टी मुरल्यावर जातात. जुन्यात जे मिळतं ते वेगळं. कोवळ्यात जे होतं ते मात्र तिथे परत सापडत नाही.

भाच्याला परवाच मेसेज केला. या वेळी जिंगमायचा बघ, वसंतातलाच, आणि ३५७ ग्रॅमची वडी आणू नकोस. २०० ची, फार तर १०० ची मिळाली तर तीच घे. दिवाळीला तू येशील, तिथून मे महिन्यापर्यंत दोघांत-तिघांत मिळून जेवढा संपेल तेवढाच आण. त्याने उलट विचारलं, ‘‘मावशी, दुकानदार म्हणतोय दोन घ्या, एक ठेवून द्या, दहा वर्षांनी भाव येईल.’’ मी लिहिलं, त्याला सांग आमच्याकडे जूनमध्ये पाऊस येतो. दादाचा मात्र निरोप वेगळा होता: दोन घे, दुसरी माझी.